सुधारणा आणि लोकसत्ता : तुर्कस्तान व निजामी मराठवाडा

१७ सप्टेंबर या तारखेला नांदेड-लातूरकडे ध्वजवंदन होते, हुतात्म्यांच्या स्मारकांवर फुले वाहिली जातात, आणि दुपारपर्यंत कचेऱ्या पुन्हा आपल्या नित्याच्या गतीवर येतात. याच तारखेला, १९६१ साली, मार्मारा समुद्रातील इम्राली बेटावर अदनान मेंडेरेस यांना फाशी देण्यात आली. दहा वर्षे तुर्कस्तानचे निवडून आलेले पंतप्रधान असलेल्या या गृहस्थांना लष्कराने पदच्युत करून वधस्तंभावर चढविले. एक तारीख एकतंत्री राजवटीच्या अंताची आणि तीच दुसरीकडे निर्वाचित सत्तेच्या अंताची, हा केवळ पंचांगाचा योगायोग होय. परंतु हैदराबाद संस्थान आणि तुर्कस्तान यांचा संबंध मात्र योगायोगाचा नव्हता. ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या सभेने खिलाफत रद्द केली, अखेरचे खलिफा अब्दुल मजीद यांना कुटुंबासह हद्दपार केले, आणि त्यांना तनखा बांधून दिला तो मीर उस्मान अली खान या सातव्या निजामाने. १९३१ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीस येथे खलिफांची कन्या दुर्रुशेहवार हिचा विवाह निजामाचे ज्येष्ठ पुत्र आझम जाह यांच्याशी झाला. धाकट्या पुत्राची वधू निलोफर हीही त्याच उस्मानी घराण्यातील. आधुनिकतेच्या नावाने ज्या घराण्याला एका राज्यकर्त्याने देशाबाहेर घालविले, त्या घराण्याला स्वतःस आधुनिक म्हणविणाऱ्याच दुसऱ्या राज्यकर्त्याने सून म्हणून घरात आणले. आधुनिकता या शब्दाच्या पोटात किती परस्परविरोधी गोष्टी मावतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

निजामी राजवट म्हणजे निव्वळ मध्ययुगीन अंधार, अशी जी समजूत दरवर्षीच्या भाषणांतून दृढ केली जाते ती इतिहासाला धरून नाही. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे दिवाण होते. त्यांनी महसुलाची मक्तेदारी मोडली, जिल्हे पाडले, पगारी अधिकारी नेमले, खजिना सावरला. इस्तंबूलला तन्झिमात नावाने ज्या सुधारणा १८३९ पासून चालल्या होत्या, त्यांचीच ही दख्खनी भावकी म्हणता येईल. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग नांदेडवरून धावू लागला, १९११ मध्ये बार्शी लाइटची छोटी गाडी लातूरला पोचली, आणि लातूरची पेठ कापूस, कडधान्ये व गळिताच्या धान्यांसाठी नावारूपाला आली. नांदेडला उस्मानशाही गिरणीचा भोंगा वाजू लागला. १९२१ नंतर अर्थखाते सांभाळणारे अकबर हैदरी यांनी ठराविक मुदतीची खातेनिहाय तरतूद करण्याची जी पद्धत घातली, तिचा अभ्यास सार्वजनिक आयव्ययाच्या विद्यार्थ्याने आजही करावा इतकी ती शहाणपणाची होती. संस्थानाचे स्वतःचे चलन होते. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा हिशेब सरहद्दीवरच्या प्रत्येक व्यापाऱ्याला तोंडपाठ असे. ब्रिटिश मुलखातील कित्येक प्रांतांनी हेवा करावा अशी या राज्याची तिजोरी होती.

मग उणे काय होते? उणे होते ते हे, की या सर्व हिशेबात रयत जमेच्या बाजूला होती, खर्चाच्या बाजूला तिचा शब्द नव्हता. राज्याच्या एकूण जमिनीपैकी सुमारे दोन-पंचमांश जमीन जहागिरींत आणि खुद्द निजामाच्या सर्फ-ए-खासमध्ये अडकलेली. म्हणजे तिचे उत्पन्न दिवाणी खजिन्यात यायचेच नाही. १९३७ साली एका अमेरिकी साप्ताहिकाने निजामाला जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून मुखपृष्ठावर छापले. त्याच दशकात त्याच्या प्रजेपैकी शंभरात जेमतेम पाच माणसांना अक्षरओळख होती. मांजरेवर निजामसागर धरण १९३१ मध्ये पुरे झाले. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यात आणि लातूरच्या शिवारातून वाहत पुढे जाते. पाणी अडले ते तेलंगणात, निजामाबादकडे. अभियंत्याच्या दृष्टीने त्यात गैर काही नसेल, धरणाची जागा तेथेच सोयीची असेल. पण मांजरेकाठच्या शेतकऱ्याने हा प्रश्न विचारायचा झाला तर कोठे विचारावा, याची जागाच त्या राज्यात नव्हती. येलदरी, सिद्धेश्वर, जायकवाडी ही मराठवाड्याची धरणे सगळी १९४८ नंतरची आहेत.

शिक्षणाच्या बाबतीत हा विरोध अधिक उघडा होतो. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. वैद्यक, शास्त्र, कायदा हे सारे एका भारतीय भाषेतून शिकविण्याचा तो हिंदुस्थानातील पहिला मोठा प्रयोग होता, आणि त्यासाठी अनुवादाचे स्वतंत्र खाते उघडून परिभाषा घडविण्यात आली. मराठीत आजही ज्ञानभाषेविषयी केवळ ठराव होत असताना या प्रयोगाची थोरवी नाकारणे कोतेपणाचे होईल. अडचण एवढीच की ती भाषा उर्दू होती, आणि उर्दू ही प्रजेतल्या सुमारे दहा-बारा टक्के लोकांची भाषा होती. तेलुगू बोलणारे निम्म्याच्या जवळपास, मराठी बोलणारे चौथाई, कानडी त्याखालोखाल. देगलूरच्या किंवा औशाच्या मुलाला शिकायचे तर त्याने आधी घरची भाषा उंबऱ्याशी ठेवावी लागे. खाजगी मराठी शाळा काढायची तर परवानगी हवी. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ नावाचे फर्मान आडवे येई. व्याख्यानमाला, ग्रंथालय, व्यायामशाळा, सगळ्यांवर संशयाची नजर. आधुनिक राज्ययंत्र हाती आले म्हणजे दडपशाहीही अधिक आधुनिक, अधिक नोंदणीकृत होते, हे त्या काळच्या कार्यकर्त्यांनी अंगावर सोसून जाणले होते.

तुर्कस्तानात केमाल पाशांनी उलट वाट धरली. १९२८ मध्ये त्यांनी अरबी लिपी काढून रोमन लिपी आणली आणि दरबारी, फारसीमिश्रित भाषेऐवजी लोकांच्या तोंडची तुर्की शाळेत नेली. स्त्रियांना १९३० मध्ये नगरपालिकांसाठी आणि १९३४ मध्ये संसदेसाठी मताधिकार दिला. फ्रान्समधील स्त्रीला त्यासाठी पुढे दहा वर्षे थांबावे लागले. ही क्रांती निजामाच्या सुधारणांहून कितीतरी खोल होती, यात वाद नाही. तथापि मत द्यायचे कोणाला? पक्ष एकच. १९३० मध्ये केमाल पाशांच्याच संमतीने एक विरोधी पक्ष काढून पाहण्यात आला; त्याच्या सभांना लोटलेली गर्दी पाहून राज्यकर्तेच भ्याले आणि तीन-चार महिन्यांत तो पक्ष विसर्जित झाला. शिवाय ज्या राज्याने तुर्की शेतकऱ्याला त्याची भाषा दिली, त्यानेच कुर्दिश शेतकऱ्याची भाषा काढून घेतली. १९८३ च्या कायद्याने तर कुर्दिशमध्ये छापणेही गुन्हा ठरविले, आणि तो कायदा १९९१ पर्यंत टिकला. औशाच्या मुलाचे दुःख दियारबाकिरच्या मुलाला समजावून सांगावे लागले नसते.

अशा राजवटींचा एक ठरलेला युक्तिवाद असतो. लोक अजून तयार नाहीत. आधी शाळा, आधी रस्ते, आधी गिरण्या. हक्कांचे मागाहून पाहू. हैदराबादेत १९३७ मध्ये अरवमुदु अय्यंगार समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालावर आधारलेल्या सुधारणा १९३९ मध्ये जाहीर झाल्या. त्यांत व्यवसायवार मतदारसंघ होते, हिंदू व मुसलमान यांना सारखे प्रतिनिधित्व होते, नुसते नव्हते ते एकच: विधिमंडळास जबाबदार असे मंत्रिमंडळ. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि १९३८ मध्ये लातूरला दुसरे. तेथे जमलेल्या वकील-शिक्षकांची मागणी आज वाचली तर तिचा सौम्यपणा पाहून आश्चर्य वाटते. निजामाचे सिंहासन राहू द्या, त्याच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती द्या, एवढेच ते म्हणत होते. उत्तर काय मिळाले? हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच १९३८ च्या सप्टेंबरात तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. नोव्हेंबरात उस्मानियाच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हटले म्हणून त्यांची नावे काढून टाकण्यात आली, आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. ज्या विद्यापीठाला राजाने आपले नाव दिले, त्याच्याच विद्यार्थ्यांनी राजाला पहिले धीट आव्हान द्यावे, हा वरून होणाऱ्या सुधारणेचा न टळणारा परिणाम आहे. इस्तंबूलच्या सुलतानाच्या लष्करी शाळांनीच १९०८ चे तरुण तुर्क घडविले होते.

मराठवाड्याच्या लढ्याचे वेगळेपण असे, की त्याचे नेतृत्व कोणा सेनानीकडे गेले नाही, ते एका शिक्षकाकडे आले. व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे मूळचे विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचे. ना. म. जोशी यांच्यापाशी कामगार चळवळीचे धडे घेऊन ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, १९३० मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, आणि पुढे अंबाजोगाईला शिकविते झाले. तुरुंगात त्यांची वर्षे गेली. त्यांच्याभोवती गोविंदभाई श्रॉफांसारखी जी तरुण मंडळी उभी राहिली, त्यांना राज्यबदलाइतकाच जमिनीचा प्रश्न महत्त्वाचा वाटत होता. दुसरीकडे याच भागाने कासिम रझवी दिला. तोही लातूरचा, तोही वकील. दोघेही आधुनिक विद्या शिकलेले, दोघांनाही सभा, संघटना, स्वयंसेवक या आधुनिक साधनांची उत्तम जाण. तेव्हा आधुनिक शिक्षण माणसाला लोकशाहीकडे नेईलच, असे मानणाऱ्यांनी लातूरच्या या दोन वाटा डोळ्यांपुढे ठेवाव्यात. रझाकारांच्या अत्याचारांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. २२ ऑगस्ट १९४८ रोजी ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली, ती त्यांनी भारतात विलीन होण्याची बाजू मांडली म्हणून. या लढ्याला हिंदू-मुसलमान लढ्याचे रूप देऊ पाहणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींना या संपादकाची आठवण सोयीची वाटत नाही.

तितकीच गैरसोयीची आठवण आणखी एक आहे आणि ती टाळून १७ सप्टेंबरविषयी लिहिणे अप्रामाणिक ठरेल. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई संपली. त्यानंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची चौकशी करण्यासाठी भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली मंडळ धाडले. त्याच्या अंदाजाप्रमाणे संस्थानभर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. लातूर शहरात हे वीस दिवसांहून अधिक काळ चालले होते, असे त्या अहवालात नमूद आहे. मारल्या गेलेल्यांत रझाकार किती आणि दुकानदार, विणकर, शेतमजूर किती, याचा हिशेब कोणी मागितला नाही. अहवाल तर कित्येक दशके दप्तरात बंद राहिला. कत्तल झाकून ठेवण्याची ही रीत निजामी नव्हती, ती नव्या राज्याची होती. तुर्कस्तानात १९१५ च्या आर्मेनियनांविषयी बोलणे आजही संकट ओढवून घेणे आहे. मराठवाड्यात बोलायला कायद्याची आडकाठी नाही, तरी बोलले जात नाही.

मुक्तीनंतर लोकांचे राज्य लगेच आले, हाही एक गोड गैरसमज आहे. १९४९ अखेरपर्यंत जनरल जयंतनाथ चौधरी यांचा लष्करी अंमल होता. मग वेल्लोडी या सनदी अधिकाऱ्याच्या हाती कारभार गेला. आणि ज्याच्याविरुद्ध लढा झाला तो निजाम राजप्रमुख म्हणून मानाने मिरवला. लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ आले ते १९५२ मध्ये. येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, आणि ती लोकसत्तेच्या पुरस्कर्त्यांना जरा टोचणारी आहे. जहागिरदारी नष्ट करण्याचा निर्णय या लष्करी अंमलानेच १९४९ च्या ऑगस्टमध्ये घेतला. कोणत्याही निर्वाचित सभेला तो इतक्या झटपट घेता आला असता काय, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. तुर्कस्तानचा दाखला तर उलटाच आहे. १९४५ मध्ये एकपक्षीय सरकारने जमीन-वाटपाचा कायदा आणला, तेव्हा त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत आयदिनचे मोठे जमीनदार मेंडेरेस पुढे होते, आणि त्या विरोधातूनच लोकशाही पक्षाचा जन्म झाला. १४ मे १९५० च्या निवडणुकीत याच जमीनदारांच्या पक्षाला खेड्यांनी भरभरून मते दिली. इस्मत इनोनू यांनी निमूटपणे सत्ता सोडली, हे त्यांचे मोठेपण. शेतकऱ्याने मात्र जमीन देऊ पाहणाऱ्याला झिडकारून जमीनदाराला का निवडावे? कारण पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या दाराशी येऊन मत मागितले होते. जेंडार्म आणि कर वसूल करणारा याखेरीज सरकारचा तिसरा चेहरा त्याने तेव्हाच पाहिला. पुढे मेंडेरेस यांनी वृत्तपत्रांच्या मुसक्या आवळल्या, विरोधकांवर चौकशी समिती बसविली, हे खरे. पण त्यावर मतदाराने द्यायचे उत्तर २७ मे १९६० रोजी रणगाड्यांनी दिले, आणि तेव्हापासून १९७१, १९८०, १९९७ असे दर दहा-वीस वर्षांनी लष्कर तुर्की मतदाराची उत्तरपत्रिका स्वतः तपासत राहिले. याचा शेवट असा झाला की २०१६ चे बंड फसल्यावर निवडून आलेल्या सत्तेनेच जुन्या लष्करशहांची सारी आयुधे आपल्या भात्यात घालून घेतली.

वरून आलेल्या कायद्याचे खाली काय होते, हे मात्र हैदराबादच्या कूळकायद्यात पाहावे. १९५० चा हा कायदा देशातील चांगल्या कायद्यांपैकी गणला जातो. त्याच्या परिणामांचा अभ्यास अ. म. खुस्रो या अर्थशास्त्रज्ञाने उस्मानिया विद्यापीठातर्फे केला. त्यात असे आढळले, की संरक्षित ठरलेल्या कुळांपैकी निम्म्याहूनही कमी कुळे चारेक वर्षांनंतर संरक्षित कूळ म्हणून जमिनीवर टिकली होती. थोड्यांनी जमीन विकत घेतली. पुष्कळांना बेकायदा काढले गेले. आणि अनेकांनी ‘स्वखुशीने’ जमीन सोडल्याचे कागद झाले. या स्वखुशीचा अर्थ ज्याला गावचा चौक ठाऊक आहे त्याला विस्ताराने सांगायला नको. कायदा हैदराबादेत झाला होता, आणि गावात तलाठी, पाटील व सावकार हे होते तेच होते. कुळाच्या बाजूने उभी राहील अशी संघटना जेथे नव्हती, तेथे कायद्याचे कलम पुस्तकातच राहिले.

१९५६ नंतर मराठवाडा महाराष्ट्राकडे आला तो बिनशर्त. नांदेड-लातूर या दोन जिल्ह्यांनी तेव्हापासून राज्याला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. शंकररावांच्या शिस्तीने आणि पाटबंधाऱ्यांच्या ध्यासाने जायकवाडी व विष्णुपुरी उभी राहिली, आणि त्याबद्दल हा भाग त्यांचा ऋणी आहे. अर्थात १९७५ ते १९७७ ही त्यांच्या मुख्यमंत्रिपदाची पहिली कारकीर्द जवळजवळ सगळी आणीबाणीची होती, याचाही विसर पडू नये. मुख्यमंत्री आपला असला म्हणजे सत्ता आपली झाली, अशी एक समजूत या दोन जिल्ह्यांत रुजली आहे. चार मुख्यमंत्री होऊनही एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. मांजरेचे पाणी उसाला किती, शहराला किती, गावांना किती, हा निर्णय कोणत्या सभेत, कोणासमोर, कोणत्या नोंदीनिशी झाला, हे विचारायची सवय आपला मुख्यमंत्री मिळाल्याच्या समाधानात सुटून गेली. आणि १९७८ मध्ये विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने करताच नांदेड-परभणीच्या खेड्यांतून दलित वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा मुक्तिसंग्रामाचा वारसा सांगणाऱ्यांपैकी किती जण त्या वस्त्यांच्या बाजूने उभे राहिले, याचे उत्तरही फार सुखावह नाही. तो ठराव अमलात यायला, तोही नामविस्ताराच्या रूपात, १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

तुर्कस्तानात २०१६ पासून कुर्दबहुल शहरांचे निवडून आलेले महापौर दूर करून तेथे सरकारी विश्वस्त बसविण्याची प्रथा पडली आहे. त्याला तिकडे ‘कय्यूम’ म्हणतात. मार्च २०२५ मध्ये तर इस्तंबूलचे महापौर इमामोग्लू यांनाच अटक झाली. नांदेड व लातूर महानगरपालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकाने पाहिला. जिल्हा परिषदांचीही तीच गत. येथे कोणाला अटक झाली नाही; इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतील फेरबदल आणि न्यायालयातील तारखा अशी कारणे होती, आणि तुर्की दडपशाहीशी त्यांची बरोबरी करणे अतिशयोक्तीचे होईल. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. या काळात मोर्चे निघाले नाहीत. उलट ‘प्रशासक आहे तेच बरे, कामे तरी होतात, नगरसेवकांची कटकट नाही’ असे उद्गार सुशिक्षितांच्या बैठकीतून सर्रास ऐकू आले. १९३९ मध्ये निजामाचे मंत्री हेच म्हणत होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २०२६ मध्ये दोन्ही महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मधल्या वर्षांतील अंदाजपत्रके प्रशासकांनी मांडली आणि प्रशासकांनीच मंजूर केली. पाणीपट्टी, रस्ते, कचरा यांवरील तो सारा खर्च आता नव्या सभागृहापुढे आहे, आणि त्यातील एकेका रकमेचा जाब तेथे विचारता येण्याजोगा आहे.